नदी शुद्ध होईल, खाचराचे काय?

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणच्या लष्करी छावणीत एका नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. फाळणीनंतर सिंधमधील घरदार, शेतीवाडी मागे टाकून आलेल्या हिंदू निर्वासितांना महायुद्धकालीन बराकींत आसरा मिळाला होता. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आलेला समाज झुलेलालांचा, म्हणजे जलदेवतेचा उपासक. सिंधूचा काठ सुटला तरी नशिबी पुन्हा नदीचाच काठ आला, असे त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही. नदीने नगराला नाव दिले. त्या बदल्यात नगराने आणि भोवतालच्या उद्योगांनी नदीला काय दिले, हे पाहायला मात्र दूर जावे लागत नाही. कॅम्प क्रमांक १ मधून शहाडच्या बाजूला चालत गेले तरी पुरे.

उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या प्रदूषणाविषयी गेल्या दोन दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि वायुबाधा झालेल्या शंभराहून अधिक रहिवाशांना मध्यरात्रीनंतर रुग्णालय गाठावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने हा विषय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठापुढे नेला. जुलै २०१५ मध्ये निकाल आला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. जीन्सला रंग देणारे कारखाने, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, पिण्याच्या पाण्याच्या उपशाजवळ नदीला मिळणारा खेमाणी नाला, हे सारे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. या सर्व चर्चेचा रोख पाण्यावर राहिला आणि ते स्वाभाविकही होते. परंतु जड धातूंचा प्रश्न पाण्यापाशी संपत नाही.

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम हे धातू कुजत नाहीत, जळत नाहीत, पावसाने धुऊन जातात असेही नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण बंद झाली की नदी काही वर्षांत स्वतःला सावरते. धातू गाळात बसतात आणि पुराबरोबर शेतात येतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या दरम्यान पाण्यात अडकली तेव्हा, उल्हासचे पाणी काठच्या खाचरांवर पसरले होते. पूर ओसरल्यावर गाळ राहतो. बदलापूरपासून रायते, कांबा, वरप, म्हारळपर्यंतच्या पट्ट्यात आगरी, कुणबी आणि आदिवासी शेतकरी त्याच गाळात भाताची लावणी करतो. उद्या एकाही कारखान्याचा थेंब नदीत पडला नाही, तरी मातीत उतरलेले मातीतच राहणार आहे.

आणि भात हे सर्वसामान्य पीक नव्हे. पाण्यात उभे राहणारे हे पीक मातीचे रसायनशास्त्रच पालटून टाकते. खाचरात पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो. अशा स्थितीत कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन जवळपास न विरघळणारे होते आणि मुळांच्या हाती लागत नाही. पाणी आटले, भेगा पडल्या, हवा आत शिरली की तेच कॅडमियम पुन्हा मोकळे होते. आर्सेनिकचे नेमके उलट आहे. पाणी साचले की ते लोहाच्या पकडीतून सुटते आणि भाताचे रोप ज्या वाटेने सिलिका शोषते त्याच वाटेने आत शिरते. पाऱ्याची कथा आणखी वेगळी. चीनच्या ग्वेझो प्रांतातील वानशान या पारा-खाणींच्या परिसरात असे आढळले, की साचलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव पाऱ्याचे अधिक विषारी रूप तयार करतात आणि ते भाताच्या दाण्यात साठते. तेथील रहिवाशांच्या शरीरात हे विष माशांपेक्षा भातातूनच अधिक जात होते. उल्हासच्या खाडीतील गाळात साठलेल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले आहे, हे लक्षात घेता वानशानचे उदाहरण परके वाटू नये.

म्हणजे एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषाला आवतण ठरू शकतो. कोणत्या खाचरात कोणता धातू किती आहे, हे कळल्याशिवाय शेतकऱ्याला सल्ला देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. दुर्दैवाने सरकारी यंत्रणेचा ढाचाच असा आहे, की हे कळू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळ मोहने, बदलापूर येथे नदीचे पाणी तपासते. कृषी खाते माती तपासते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली मृदा आरोग्य पत्रिका ही योजना स्तुत्यच आहे. पण तिच्या बारा निकषांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढेच येते. कॅडमियम नाही, शिसे नाही, आर्सेनिक नाही, पारा नाही. विदर्भातील कापसाच्या रानाला ही पत्रिका पुरेशी असेल. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींच्या सावलीत असलेल्या खाचराला ती अपुरी आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कोकणची माती काळ्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि त्या खडकात क्रोमियम, निकेल निसर्गतःच अधिक असते. केवळ आकडा मोठा दिसला म्हणून कारखान्याकडे बोट दाखविणारा अहवाल न्यायालयात टिकणार नाही. पुराचे पाणी कधीच न चढलेल्या वरकस जमिनीचे नमुने तुलनेसाठी घ्यावेच लागतील.

तपासणीनंतर करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातील पुष्कळसे खर्चिक नाही. कॅडमियम असेल तर जपानमध्ये रूढ झालेला उपाय सोपा आहे : लोंबी बाहेर पडण्याच्या तीन आठवडे आधीपासून नंतरच्या तीन आठवड्यांपर्यंत खाचरात पाणी टिकवून धरायचे. कोकणात याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. हळव्या भाताचा दाणा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाच्या भरात, भरतो. गरव्याचा दाणा भरायच्या वेळी ऑक्टोबरचे ऊन पडलेले असते, पाऊस परतलेला असतो आणि खाचर सुकू लागलेले असते. नेमक्या त्याच दिवसांत कॅडमियम मोकळे होते. तेव्हा अशा जमिनीत हळवे वाण घेणे आणि बांध मजबूत ठेवणे, एवढ्यानेही फरक पडू शकतो. आम्लधर्मी मातीत चुना घालून सामू वाढविला की बहुतेक जड धातूंची चाल मंदावते. आर्सेनिक असेल तर पाणी आलटून पालटून सोडणे आणि तुसाच्या राखेतून सिलिका पुरविणे उपयोगी पडते. पश्चिम बंगालने चिन्सुरा येथील भात संशोधन केंद्रात ‘मुक्तश्री’ हे कमी आर्सेनिक घेणारे वाणही विकसित केले. जपानने २०१२ मध्ये कोशिहिकारी या आपल्या लाडक्या तांदळाचे असे रूप प्रसिद्ध केले, की ज्याच्या मुळांतील कॅडमियमचे दारच बंद झाले आहे.

हे काम महाराष्ट्राला अशक्य आहे काय? कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून उभे आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखालील या केंद्राने कोकणाला कितीतरी वाण दिले. ते केंद्र ज्या कर्जतमध्ये आहे ते गाव उल्हासच्याच काठी आहे. नदीच्या वरच्या अंगाला बियाणे तयार होते आणि खालच्या अंगाला त्याची गरज आहे. मधले अंतर लोकलने तासाभराचे.

पेंढ्याचा विचार तर कोणी करतच नाही. धातू दाण्यापेक्षा पेंढ्यात अधिक साठतात. पेंढा गोठ्यात जातो, शेण पुन्हा खाचरात येते, उरलेला राबासाठी जाळला जातो आणि राखेतून धातू परत मातीला मिळतात. बाधित खाचरातील पेंढा बाहेर काढून वेगळा ठेवणे, एवढ्याने मातीतला भार दरवर्षी थोडा तरी घटेल. पण त्या पेंढ्याचे करायचे काय आणि गुरांच्या वैरणीची भरपाई कोण देणार, याचे उत्तर शेतकऱ्याच्या गळ्यात बांधून चालणार नाही.

खरा पेच इथेच आहे. आपल्या खाचराची तपासणी व्हावी असे शेतकऱ्याला वाटेल तरी का? दोष निघाला तर तांदळाला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि जमीन घ्यायला टपून बसलेला बिल्डर भाव पाडून मागेल. भरपाईची हमी नसताना केलेली तपासणी ही शेतकऱ्याला शिक्षा वाटते आणि त्याचे ते वाटणे चुकीचे नाही. म्हणून तर जपानचा अनुभव मुळापासून वाचायला हवा. तोयामा प्रांतातील जिंझू नदीत कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम भातात उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाने, मुख्यतः बायकांना, जर्जर केले. इताई म्हणजे ‘दुखते’. १९६८ मध्ये सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले, १९७२ मध्ये खटल्याचा अंतिम निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला आणि आठशेहून अधिक हेक्टर खाचरांची माती पालटण्याचे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्या निकालानंतरच्या करारात एक कलम असे होते, की खाणीत शिरून तपासणी करण्याचा अधिकार रहिवाशांना राहील आणि खर्च कंपनी देईल. शेतकरी दरवर्षी आपले तज्ज्ञ घेऊन खाणीत जात राहिले.

आपल्याकडे प्रदूषकांकडून वसूल व्हावयाच्या रकमांची चर्चा होते ती प्रामुख्याने नाल्यांची आणि प्रक्रिया केंद्रांची. त्या रकमेतला एक भाग खाचरांसाठी राखून ठेवावा. तपासणी विनामूल्य असावी, दोष निघाल्यास त्या हंगामाचे पीक शासनाने हमीभावाने उचलून बाजारापासून दूर ठेवावे आणि चुना, बियाणे शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचवावे. ही मागणी पालिकेच्या सभागृहात झाली तर तिथे तिला विचारणारे कोणी नाही, कारण ही खाचरे बहुतांशी ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत; आणि ग्रामपंचायतीकडे प्रयोगशाळा नाही. जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते.

पुराचे पाणी कोणत्या गट क्रमांकांवर चढले, याचे पंचनामे २००५ चे आणि २०१९ चे तहसील कार्यालयांत असतातच. गरव्याच्या लोंब्या ऑक्टोबरमध्ये भरू लागतात. नमुने उभ्या पिकातून आणि त्याच खाचराच्या मातीतून एकाच वेळी घ्यायचे असतील, तर ते पंचनामे काढून खाचरांची यादी गणपतीपूर्वी तयार व्हायला हवी.