उतारवयातील बॉनव्हिल

साठी उलटल्यावर आम्ही आमची शंभर सीसीची इमानी दुचाकी भाच्याला देऊन ट्रायम्फ बॉनव्हिल घेतली, तेव्हा स्नेह्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, गेलेले तारुण्य परत मागण्याचा हा केविलवाणा प्रयत्न आहे. दुसरा असा की, ही गाडी जुनी नाहीच. ते जुनेपणाचे सोंग आहे. पहिला आक्षेप वैयक्तिक आहे. दुसरा मात्र वाङ्मयीन आहे, आणि म्हणून त्याची चर्चा येथे करावीशी वाटते.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. आमच्या तारुण्यात बॉनव्हिल नव्हतीच. ट्रायम्फच्या आजच्या कंपनीने भारतात विक्री सुरू केली ती २०१३ साली. तोवर ती आम्हांला चित्रांतूनच ठाऊक होती. जे कधी हाती नव्हते ते परत कसे मागणार? उलट, या गाडीत वयाची कबुली आहे. हिच्यावर ताठ बसावे लागते. २०१६ साली आलेल्या टी१२० या मॉडेलच्या १२०० सीसी इंजिनाची ओढ मिनिटाला ३१०० फेऱ्यांनाच शिखर गाठते. इंजिन किंचाळवावे लागत नाही. आणि सव्वादोनशे किलोंहून अधिक वजन स्टँडवरून उतरवताना गुडघे रोज सकाळी आमचे वय सांगतात.

आता दुसरा आक्षेप. तो खरा आहे, आणि आक्षेपकांना वाटतो त्याहून अधिक खरा आहे. सिलिंडरवर आडव्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, दिसतात. जुन्या इंजिनाची उष्णता त्या हवेत सोडत. या इंजिनाला थंड ठेवण्याचे मुख्य काम द्रव करतो. फिन्स राहिल्या त्या प्रामुख्याने रूपासाठी. कार्ब्युरेटर दिसतो, पण तो कार्ब्युरेटर नव्हे; त्याच्या आकाराच्या कवचात इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दडली आहे. आवाजही जुना नाही. मूळ बॉनव्हिलमध्ये दोन्ही दट्टे बरोबरीने वर येत आणि बरोबरीने खाली जात; आता क्रँक २७० अंशांचा आहे, त्यामुळे ठोके विषम अंतराने पडतात. थोडक्यात, घाट १९५९ चा आणि आशय एकविसाव्या शतकाचा.

येथे परंपरा आणि पुनरुज्जीवन यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. बुलेटही मूळची इंग्रजच. पण १९५५ पासून ती मद्रासेत बनू लागली आणि इंग्लंडमधला कारखाना मिटल्यावरही बनतच राहिली. ती परंपरा होय. तिला जुने दिसण्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. बॉनव्हिलचे तसे नाही. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन येथील कारखाना बंद करण्याचे मालकांनी १९७३ साली जाहीर केले, तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला आणि सुमारे दीड वर्ष फाटक धरून ठेवले. १९७५ पासून त्यांच्या सहकारी संस्थेने तेथे बॉनव्हिल बनवली. १९८३ साली तीही बुडाली. नाव विकत घेतले ते जॉन ब्लूर या घरबांधणी व्यावसायिकाने. पुढे काही वर्षे डेव्हनमध्ये परवान्यावर थोड्या गाड्या निघाल्या, तेवढेच. ब्लूर यांच्या हिंक्लीच्या नव्या कारखान्यातून आधी आधुनिक गाड्या आल्या. जुन्या रूपातली बॉनव्हिल अवतरली ती २००१ च्या सुमारास. मधला धागा तुटला होता, म्हणूनच तो दिसेल असा पुन्हा विणावा लागला.

जुना घाट नव्या आशयासाठी वापरणे हा काही अपराध नव्हे. मर्ढेकरांनी अभंग-ओवीचा घाट घेऊन यंत्रयुगाची कविता लिहिली, ती सोंग ठरली नाही. मात्र तेथे घाट आणि आशय एकमेकांशी झगडतात, आणि त्या झगड्यातून अर्थ निघतो. बॉनव्हिलमध्ये झगडा नाही. जुने रूप नव्या यंत्राला निमूटपणे पांघरूण घालते. तरीही आम्ही तिला खोटी म्हणणार नाही. रंगमंचावरचा पडदा रंगवलेला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्याला फसवणूक न म्हणता संकेत म्हणतात. कार्ब्युरेटर दिखाऊ आहे हे जाणून जो त्यावर प्रेम करतो, तो फसलेला नसतो.

आमची हरकत वेगळी आहे. पुनरुज्जीवन काय उचलते आणि काय मागे ठेवते? १९५६ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ट्रायम्फच्या इंजिनाने ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. तो पराक्रम गाडीच्या नावातच टिकला. टाकीचा डौल टिकला, फिन्सही टिकल्या. मेरिडनच्या फाटकावरचे दीड वर्ष मात्र गाडीच्या कोणत्याही रेषेत उमटलेले नाही. तेलगळती गेली हे बरेच झाले. पण त्या तेलाने ज्यांचे हात माखले होते तेही तिच्याबरोबरच गेले. स्मरणरंजनाचा खरा दोष हाच आहे. ते भूतकाळ आठवते, परंतु त्यातले श्रम वगळून.

आज बहुतेक बॉनव्हिल थायलंडमध्ये बनतात, आणि २०२३ पासून ट्रायम्फची धाकटी भावंडे आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात जन्म घेत आहेत. उद्या वर्गातला एखादा विद्यार्थी तिच्यावर बसून येईल. त्याच्या गाडीला ब्रिटिश म्हणावे की नाही, या वादात आम्हांला रस नाही. ओवीत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो की, बाबा रे, हा घाट कोणाच्या जात्यावरून आला हे तुला ठाऊक आहे ना? तोच प्रश्न आता रोज सकाळी किल्ली फिरवताना स्वतःला विचारावा लागतो. उत्तर देता येते तोवर गाडी चालवायला हरकत नसावी.