बत्तीस बोरचा अर्ज

५ एप्रिल २०२२. रमजानचा तिसरा रोजा होता. मी शाळेत स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो होतो आणि एकेकाचा मोबाईल वाजू लागला. शारदानगरात एका बड्या बांधकाम व्यावसायिकावर त्यांच्या घरासमोरच गोळीबार झाला होता. इफ्तारपर्यंत सीसीटीव्हीचं चित्रण नांदेडमधल्या प्रत्येक फोनवर पोचलं. गाडीतून उतरलेला माणूस, दुचाकीवरून आलेले दोघं, आणि काही सेकंदांत सगळं संपलेलं. त्यांना आधी धमक्या आल्या होत्या, काही काळ पोलीस संरक्षणही होतं, हे शहराला ठाऊक होतं.

ईद झाल्यावर आठवडाभरात माझा मावसभाऊ घरी आला. त्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. उधारीवर चालणारा, हिशेबाच्या वह्या उशाशी घेऊन झोपणारा माणूस. त्यालाही दोन फोन आले होते. आकडा सांगितला होता, मुलगी कोणत्या शाळेत जाते तेही सांगितलं होतं. खिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून तो म्हणाला, "मास्टर भाई, एक अर्ज लिखके देव. बंदूक का."

मोहल्ल्यात अर्ज लिहिणं हे माझं बिनपगारी काम आहे. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, सातबाऱ्यातली चूक, सगळं. उर्दू शाळेत शिकलेल्या पिढीला सरकारी मराठीची धास्ती वाटते, ती मी थोडी कमी करतो. पण शस्त्र परवान्याचा अर्ज पहिल्यांदाच आला होता. शिवाय त्याचा दुसरा प्रश्न तयार होता. "रिवॉल्वर लेना की पिस्तूल? और कित्ते बोर की?"

त्याने यूट्यूबवर बरंच पाहिलं होतं. अमेरिकेतले दाढीवाले लोक टेबलावर दहा पिस्तुलं मांडून बोलतात : ९ मिमी चांगली की .४५, कमरेला लावायची की पायाला. हा वाद त्यांच्याकडे शंभर वर्षं चालू असेल. आपल्याकडे तो कायद्यानेच मिटवून टाकला आहे. ९ मिमी हे पोलीस-लष्कराचं काडतूस, ते प्रतिबंधित बोरमध्ये मोडतं आणि सामान्य माणसाला मिळत नाही. परदेशी हत्यार विकत मागवणं आपल्यासारख्यांना बंद होऊन जमाना झाला; जुनी आणलेली हातोहात विकली जातात, तीही प्लॉटच्या भावात. उरतं काय, तर शेतावरची बारा बोर, आणि छोट्या हत्यारांत मुख्यतः बत्तीस बोर किंवा बावीस.

मी चार दिवस वाचलं, दोन माजी सैनिकांना विचारलं. त्यातलं कामाचं सांगतो, कारण परवाना काढणाऱ्या बहुतेकांना हेही माहीत नसतं. बत्तीस बोरची रिवॉल्वर आणि बत्तीस बोरची पिस्तूल यांचं नाव एक असलं तरी काडतूस वेगळं आहे. रिवॉल्वरचं लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. सरकारी कारखान्याची रिवॉल्वर मूळ इंग्रजी वेब्लीच्या बनावटीची, सहा गोळ्यांची. 'अशनी' ही ईशापूरची पिस्तूल. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढली, अर्ध्या किलोची, सव्वा लाखाच्या आसपास किमतीची. दिल्लीच्या बसमधल्या त्या मुलीच्या आठवणीने नाव ठेवलं. बसने जाणाऱ्या कोणत्या मुलीच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं हत्यार असतं, हे नाव ठेवणाऱ्यांनी सांगितलं नाही. 'निडर' बावीस बोरची, जेमतेम पाव किलोची.

गोळीची ताकद म्हणाल तर बत्तीस बोर ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी भरते. अमेरिकेतले ते दाढीवाले हिला हसतील. पण घ्यायचीच असेल तर मी बत्तीसची रिवॉल्वरच सांगेन. पिस्तूल म्हणजे मॅगझीन भरा, स्लाइड खेचा, गोळी अडकली तर ती काढा. हे हाताला सवयीचं असावं लागतं. आपल्याकडे सराव करायचा कुठे? काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. वर्षाला चार गोळ्या उडवणाऱ्या दुकानदाराला पिस्तूल देणं म्हणजे लायसन्स काढल्याच्या दिवशीच ट्रक हाती देणं. रिवॉल्वरचा चाप जड असतो, पूर्ण ओढावा लागतो. घाबरलेल्या बोटासाठी तेच बरं. बावीस बोर हलकी म्हणून मोह पडतो, पण तिच्यावर जीव टांगू नये.

भावाला हे सगळं पटलं. मग त्याने विचारलं ते मला सुचलंच नव्हतं. "नमाज़ में किधर रखना?"

खरंच, कुठे ठेवायची? सजद्यात कमरेला पाऊण किलो लोखंड, पुढच्या सफेत बाजूच्याचं पोर. हदीसमध्ये एक साधी सूचना आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्याचं टोक हातात धरून ठेवावं, कुणाला खरचटू नये म्हणून. चौदाशे वर्षांनी आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत जवळपास तेच आलं : सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा हवा. मिरवणं, लग्नात बार काढणं मना. २०१९ च्या दुरुस्तीने तर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड ठेवला.

मराठवाड्यात मात्र झाकण्यासाठी बंदूक कोण घेतो? पांढऱ्या शर्टाखालचा तो उंचवटा दिसावा, उपनिबंधक कार्यालयात खुर्ची लवकर मिळावी, हाच तिचा निम्मा उपयोग. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर, २०२४ च्या शेवटी, बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं उघड झालं. शेजारच्या परभणीत तेव्हा पन्नाससुद्धा नव्हते. हवेत बार काढतानाचे व्हिडिओ फिरले, मग तपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. बीडच्या माणसाला परभणीच्या माणसाहून इतक्या पटींनी जिवाची भीती होती, असं मानायला मी तयार नाही. तिथे परवाना हा नमस्कार घालायला लावणारा कागद झाला होता.

भाऊ त्यातला नव्हता. त्याला खरंच भीती होती, म्हणून त्याच्याशी खरं बोलणं भाग होतं. मी त्याला शारदानगरचं चित्रण पुन्हा लावून दाखवलं आणि घड्याळ बघायला सांगितलं. कमरेची बंदूक बाहेर यायला सरावलेल्या माणसालाही दीड-दोन सेकंद लागतात. १९८३ मध्ये टुलर नावाच्या एका अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं होतं की चाकू घेऊन धावणारा माणूस साधारण एकवीस फुटांचं अंतर दीड सेकंदात कापतो. आपल्याकडचे मारेकरी चाकू घेऊन धावत नाहीत, गाडीवरून येतात, आणि वेळ त्यांनी निवडलेली असते. तू त्या क्षणी गाडीचा दरवाजा लावत असशील, हातात डबा असेल. बाबा सिद्दीकींबरोबर पोलीस शिपाई होता. दसऱ्याची रात्र, फटाक्यांचा आवाज, १२ ऑक्टोबर २०२४. तरीही व्हायचं ते झालंच. हे उदाहरण नंतरचं, पण तेव्हा बोललो तेच पुढे दिसत गेलं.

हल्ला दहा वर्षांत एकदा येईल किंवा येणारही नाही. बंदूक मात्र रोज घरात असते. त्याचं घर तीन खोल्यांचं, खाला, तो, त्याची बायको, चार मुलं आणि सुट्टीत येणारी भाचेमंडळी. कपाटाची किल्ली कुठे असते हे सगळ्यांना माहीत. गोविंदाचं नंतर काय झालं ते आठवा. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट, विमान पकडायची घाई, परवान्याची रिवॉल्वर कपाटात ठेवताना हातातून पडली आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. इतक्या मोठ्या माणसाच्या घरी जे झालं ते जुनं, भरलेलं हत्यार आपल्या घरी पडलं तर समोर पाय कुणाचा असेल?

आणि लातूर. माझी सासुरवाडी तिथली. २०२५ ची ईद ३१ मार्चला झाली, त्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिथेच होतो. रात्री उशिरा बातमी आली की महापालिकेच्या आयुक्तांनी आपल्या निवासस्थानी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांना मुंबईला हलवलं, ते वाचले, याचं सगळ्या शहराला बरं वाटलं. त्यांच्या मनात काय होतं यावर बोलण्याचा मला अधिकार नाही आणि त्या दिवसांत जे बोलत होते त्यांनाही नव्हता. मला फक्त तारीख लागली. ५ एप्रिल. नांदेडच्या त्या घटनेला त्याच दिवशी तीन वर्षं झाली होती. एका शहरात गोळी रस्त्यावरून आली, दुसऱ्यात घरातूनच. कर्जात, आजारात, अपमानात माणसाची एखादी रात्र वाईट जाते. ती रात्र टळली की तो सकाळी चहा पितो. बंदूक हाताशी असली की ती रात्र टळायला वेळच मिळत नाही. दुकानदारांच्या वाईट रात्री मी जवळून पाहिल्या आहेत, भावाच्याही.

आमच्या घरात या विषयाला एक जुना पदरही आहे. आजोबांकडे भरमार होती, ज्वारीतली डुकरं हाकलायला. गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता लातूरमध्ये. रझाकारांच्या दिवसांत ती बंदूक मागायला माणसं आली. त्या लोकांनी हिंदू गावांवर जे केलं त्याची लाज आजोबांना शेवटपर्यंत होती. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं आणि वारं फिरलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड दोन्ही आहेत. घरात बंदूक असणं एवढंच कुणाला रझाकार ठरवायला पुरेसं होतं. आजीने ती रात्रीतून विहिरीत टाकायला लावली. ती सांगायची, बंदूक टाकल्यावर तुझ्या आजोबांना पहिल्यांदा झोप लागली.

म्हणून मावसभावाला एक गोष्ट मी दारं लावून सांगितली, इथे उघड लिहितो. कमरेला हत्यार असलेल्या पाटील-देशमुखाकडे लोक इज्जतीने बघतात. आपल्याकडे त्याच हत्याराची बातमी होते. परवाना खरा असला तरी तो दाखवेपर्यंत फोटो कुठल्या कुठे गेलेला असतो. हे चूक आहे, कायदा सगळ्यांना एकच आहे. पण गोळी चालवावी लागली तर न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांतला स्वसंरक्षणाचा हक्क (तेव्हा भादंविची ९६ ते १०६) तुला कोर्टात उभं राहून सिद्ध करावा लागेल, आणि तोवर गावाने निकाल दिलेला असेल.

"फिर क्या करना? बैठे रहना?" तो चिडला. चिडण्यासारखंच होतं.

त्या रात्री मी दोन अर्ज लिहिले. एक परवान्याचा. दुसरा पोलिसांना, फोनचे नंबर, वेळ, बोललेलं वाक्य न वाक्य, रेकॉर्डिंगसह. त्यात भादंवि ३८५ हे कलम स्पष्ट लिहिलं, कारण निनावी धमकीचं ५०७ एवढंच लावलं की अदखलपात्र नोंद होते आणि कागद तिथेच झोपतो. खंडणीसाठी भीती घालणं दखलपात्र आहे, आता न्याय संहितेच्या ३०८ मध्ये. पहिल्या ठिकाणी एनसीची पावती देऊन परत पाठवलं. आम्ही वरच्या साहेबांपर्यंत गेलो, बरोबर बाजारातले सहा दुकानदार घेऊन. त्यांत मारवाडी होते, लिंगायत होते, एक सरदारजीही होते. त्यांतल्या तिघांना तसेच फोन आले होते आणि ते गप्प होते. गुन्हा नोंदला गेला. पंधरा दिवस बाजारात गस्त फिरली. फोन थांबले.

कशामुळे थांबले ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सात जणांनी एकदम लेखी तक्रार दिली की खंडणीवाल्याचं गणित बिघडतं एवढं खरं. शारदानगरनंतर शहराला हवे होते ते असे गुन्हे वेळेवर नोंदणारे ठाणेदार. त्याऐवजी लोकांच्या हाती बत्तीस बोर देणं म्हणजे सरकारने आपलं काम दुकानदाराच्या कमरेला बांधणं.

परवान्याचा अर्ज त्याने भरला नाही. भाभीने कागद वाचला, 'शस्त्र कोठे ठेवणार' या रकान्याशी थांबली आणि म्हणाली, या घरात तशी एक जागा दाखवा.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. कुठेतरी पुन्हा गोळीबाराची बातमी होती, मला वाटलं तोच विषय. म्हणाला, "मास्टर भाई, बेटी के बारावी के फॉर्म में जन्मतारीख गलत पडी. एक अर्ज लिखके देव."