फिर्याद नोंदल्यावाचून परतू नका



आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी येसकर होऊन गावाची वेस पिढ्यान्‌पिढ्या राखली. चोराचा माग काढण्याचे कामही त्यांच्याच माथी होते. परंतु स्वतःवर अन्याय झाला म्हणून त्यांची लेकरे पोलीस ठाण्याची पायरी चढतात, तेव्हा ‘गावातच मिटवून घ्या’ असा उपदेश त्यांच्या पदरी अनेकदा पडतो. हा उपदेश म्हणजे न्याय नव्हे.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. १८५७ च्या उठावानंतर परकीय सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला, तो प्रजेच्या रक्षणापेक्षा सत्तेच्या रक्षणासाठी. राज्य बदलले, पण बलवंताचे तोंड पाहून वागण्याची सवय पुरती गेली नाही. म्हणूनच पोलिसांना राजकीय दडपणातून सोडविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सात आदेश द्यावे लागले. त्यानंतर सातच दिवसांनी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. खुनाबद्दल शिक्षा झाल्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र न्यायालयांनी लागू धरला नाही. आदेश दिल्लीत निघतात. त्यांची कसोटी ठाण्याच्या मेजावर लागते.

मग आपण काय करावे? प्रथम हे पक्के ध्यानात ठेवा, की धर्मांतराने कायद्याचे छत्र हरपत नाही. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांची गणना १९९० पासून त्याच जातींत होते. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपलाही आहे. त्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या अधिकाऱ्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास सांगितला आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे घटनापीठाने २०१३ साली ठरविले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे ती कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता, द्यावी. तिची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

पोलीस आपले शत्रू नव्हेत. त्या गणवेशात आपलीही मुले आहेत. परंतु कागदावर न आलेला अन्याय न्यायासनापर्यंत पोहोचत नाही. म्हणून फिर्याद वाचून घ्या, मगच सही करा, आणि प्रत हाती आल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.