प्रार्थनेचे उत्तर आणि टक्केवारी

शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर बसलेले कुटुंब आपापल्या देवाला हाक मारतेच. ती हाक ऐकली जाते काय, हा प्रश्न अमेरिकेत चक्क प्रयोगाच्या कसोटीवर लावण्यात आला. डॉ. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. सहा रुग्णालयांतील बायपासचे १,८०२ रुग्ण त्यात होते आणि तीन ख्रिस्ती गट त्यांतील ठरावीक रुग्णांसाठी १४ दिवस प्रार्थना करीत. प्रार्थना होईल की नाही हे निश्चित सांगितले नव्हते, अशा रुग्णांपैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत महिनाभरात गुंतागुंत उद्भवली. प्रार्थनेची खात्री दिलेल्यांत तर हे प्रमाण ५९ टक्के भरले!

एवढ्यावरून ख्रिस्ती श्रद्धा खोटी ठरली, असा जयघोष करणे उतावीळपणाचे होईल. घरच्यांच्या प्रार्थना कोणी थांबविल्या नव्हत्या आणि त्या मोजण्याचा मार्गही नव्हता. शिवाय खुद्द बायबल काय सांगते? मागणाऱ्याला मिळेल, असे आश्वासन मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, हे खरे. परंतु त्याच ग्रंथात, क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू तीनदा प्रार्थना करतो. दुःखाचा प्याला टळावा, ही त्याची विनवणी. मात्र अंतिम निर्णय तो पित्याच्या इच्छेवर सोपवितो. प्याला टळत नाही. संत पौलानेही शरीरातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा याचना केली. काटा राहिला, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. तात्पर्य, या परंपरेत प्रार्थना ही हमखास वटणारी हुंडी नव्हे.

मग घडेल ते सारेच ‘उत्तर’ मानायचे काय? श्रद्धावंताला तो अधिकार आहे. पण जी गोष्ट टक्केवारीने मोजता येत नाही, तिची हमीही कोणाला देता येत नाही. रोग बरा करण्याची ग्वाही देऊन सभा भरविणारे नेमके हेच विसरतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात एका छोट्या पंथाच्या पालकांनी केवळ प्रार्थनेवर विसंबून मुलांना उपचारांपासून दूर ठेवले आणि त्यात मुले दगावली. अखेर २०११ साली तेथील विधिमंडळाने अशा पालकांना असलेले कायद्याचे संरक्षण काढून घेतले.

याउलट उदाहरण आपल्या मिरजेचे. १८९४ साली तेथे रुग्णालय सुरू करणारे डॉ. विल्यम वॉनलेस हे मिशनरीच होते. पण त्यांनी रोग्यासाठी हाती शस्त्र धरले. प्रार्थनेवरील विश्वासाने त्यांना शस्त्रक्रिया अनावश्यक वाटली नाही.

आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना जरूर व्हावी. तिने धीर येतो, एकटेपणा सरतो. मात्र जोडलेले हात डॉक्टरांच्या संमतिपत्रावर सही करण्यासही मोकळे असले पाहिजेत. त्या हातांना जो कोणी अडवील, मग तो कोणत्याही देवाचे नाव घेवो, त्याला दारातूनच परत पाठविणे हे प्रत्येक कुटुंबाचे कर्तव्य आहे.