जनरेटर सुरू होत नाहीं तेव्हां

पावसाळ्यांत वीज जाते, आजोबांचें प्राणवायूचें यंत्र थांबतें आणि नेमका अशा वेळेसाठीं घेतलेला जनरेटर दोरी ओढून ओढूनहि सुरू होत नाहीं, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. अशा वेळीं प्रथम रुग्णास प्राणवायूचा सिलिंडर लावावा व मगच यंत्राकडे वळावें. एक भाऊ प्लग काढतो, दुसरा कार्ब्युरेटर खोलतो आणि मूळ दोष कोणता हें कोणासच कळत नाहीं, असें मात्र होऊं देऊं नये.

आपल्या शास्त्रकारांनीं कारण ओळखण्यासाठीं अन्वय व व्यतिरेक ही कसोटी सांगितली आहे. जें असतां कार्य घडतें व नसतां घडत नाहीं, तें त्याचें कारण. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि दोरी ओढून पाहावी.

पेट्रोलवरील एंजिनास इंधन व हवा यांचें मिश्रण, ठिणगी आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. टाकींत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, बटन चालू आहे काय, थंड एंजिनास चोक दिला आहे काय, हें आधीं पाहावें. नंतर तेल तपासावें. तेल कमी झाल्यास ठिणगीच बंद करणारी योजना पुष्कळ जनरेटरांत असते. यंत्र उतरत्या जागीं ठेवलें असलें तरीहि ती आड येते. बटनानें सुरू होणाऱ्या जनरेटराची 12 व्होल्टची बॅटरी मीटरनें मोजावी. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते.

एवढ्यानें काम न झाल्यास संशय जुन्या पेट्रोलवर घ्यावा. महिनोन् महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरचें बारीक छिद्र बुजवितो. शिवाय त्यांतील इथेनॉल हवेंतला ओलावा शोषून घेतें. तें काढून ताजें भरावें. मग प्लग पाहावा. तो पेट्रोलनें भिजला असल्यास कोरडा करावा, काजळला असल्यास बदलावा. तरीहि यंत्र मुकेंच राहिल्यास मिस्त्रीस बोलवावें.

दोन पथ्यें मात्र कधींहि मोडूं नयेत. जनरेटर घरांत, जिन्याखालीं वा व्हरांड्यांत चालवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो निजलेल्या माणसांचे प्राण घेतो. तसेंच भिंतींतील प्लगमधून घरास वीज देऊं नये. ती उलट खांबावरील तारांत जाऊन तेथें काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते. त्यासाठीं चेंजओव्हर स्विचच बसवून घ्यावा.

तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां दर पौर्णिमेस जनरेटर पंधरावीस मिनिटें, दिवे व पंखे जोडून, चालवावा. हें काम आळीपाळीनें घरांतील मुलगे, लेकी, सुना सर्वांनीं करावें. संकट येतें तेव्हां यंत्र जाणणारा नेमका परगांवीं असतो.