नोट खरी की खोटी, हे ठरवायचे कोणी?

भारतीय चलनी नोटेवर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर धारकाला तेवढी रक्कम अदा करण्याचे वचन देत असतो. हे वचन अर्थातच खऱ्या नोटेपुरते असते. आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या हाती ५०० रुपयांची बनावट नोट आली आणि तिने ती बँकेत नेली, तर तेथे तिच्यावर शिक्का मारला जातो, नोट जप्त होते, हाती एक पोचपावती पडते आणि मोबदला म्हणून एक पैसाही मिळत नाही. एकाच व्यवहारात अशा पाच किंवा अधिक नोटा निघाल्या, तर प्रकरण थेट पोलिसांकडे जाते. फाटक्या, जळक्या नोटेबाबत मात्र नियम पुष्कळच उदार आहेत. तिचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर पूर्ण किंवा निम्मे मूल्य मिळू शकते.

बनावट नोटेची भरपाई देऊ लागल्यास नोटा छापणाऱ्या टोळ्यांनाच शासकीय तिजोरीतून मोबदला मिळेल, हा युक्तिवाद अर्थशास्त्रीयदृष्ट्या खोटा नाही. परंतु तो मान्य केला की एक जबाबदारी आपोआप शासनावर येऊन पडते. ज्याच्या माथी नुकसान मारावयाचे, त्याला नोट पारखण्याचे साधन दिले पाहिजे. आजच्या नोटेने ते दिले आहे काय?

नोटेवर खुणांची वाण नाही. प्रकाशात धरली असता दिसणारे गांधीजींचे जलचिन्ह, तिरपी केली की हिरव्याचा निळा होणारा सुरक्षा धागा, बोटाला जाणवणारी उठावदार छपाई, भिंगाशिवाय न वाचता येणारी सूक्ष्म अक्षरे, अतिनील दिव्याखालीच चमकणारे तंतू. यांपैकी पहिल्या तीन खुणा सामान्य माणसाच्या उपयोगाच्या. त्याही कंदिलाच्या उजेडात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत आणि हजार हातांतून मळून गेलेल्या नोटेवर कितपत उपयोगी पडतात, हे कोणत्याही फेरीवाल्याला विचारावे. भिंग आणि दिवा बँकेजवळ. तोटा मात्र मजुराकडे!

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा रद्द करताना बनावट चलनाचा बंदोबस्त हे एक प्रमुख कारण सांगण्यात आले होते. रद्द केलेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली, हे पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले. त्यानंतर आलेल्या नव्या मालिकेने नोटेचे मापच बदलले. जुन्या मालिकेत ५० ची नोट १४७ मिलिमीटर लांब, १०० ची १५७, ५०० ची १६७. पायरीगणिक पुरा एक सेंटिमीटर. नव्या मालिकेत १०० ची नोट १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर. रुंदी तिन्हींची सारखीच. चार मिलिमीटरचा हा फरक अंध माणसाच्या बोटांनी, तोही तुलनेला दुसरी नोट नसताना, ओळखावयाचा! त्या वेळी पैसे देणारी यंत्रे नव्या मापाशी जुळवून घेण्यासाठी देशभर तंत्रज्ञ धावले. बोटे जुळवून देण्यास कोणी आले नाही.

पूर्वी २० आणि ५० च्या नोटांवरही उठावदार ओळखचिन्ह असे. आता १०० च्या खाली ते नाही, आणि जेथे आहे तेथेही वापराने झिजते. २०१९ मध्ये अंधांची ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या आरंभी नोट ओळखणारे एक मोबाइल ॲप काढले. ते नोटेची किंमत सांगते. ती खरी की खोटी हे सांगत नाही, आणि स्मार्टफोन नसलेल्यास तेवढेही नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक नोटेच्या लांबीत सात मिलिमीटरचे अंतर असून २०१६ पासून निघालेल्या नव्या नोटांवर स्पर्शखुणाही आहेत. हे तेथे जमते, मग १९२८ पासून नाशकात नोटा छापणाऱ्या देशाला कारागिरीची सबब सांगता येणार नाही.

पुढची मालिका निघेल तेव्हा पायरीगणिक एक सेंटिमीटरचे अंतर परत आले पाहिजे आणि दहाच्या नोटेपासून वर प्रत्येक नोटेवर ठसठशीत उठावदार खूण असली पाहिजे. तोवर, प्रत्येक बाजार समितीच्या आवारात आणि टपाल कचेरीत नोट तपासण्याचे यंत्र मोफत ठेवावे. पारख करू पाहणाऱ्याची नोट तेथे जप्त होता कामा नये, सौदा पुरा होण्यापूर्वीच ती देणाऱ्याला परत करण्याची मुभा त्याला असावी.