चित्रातील रस्ता, करारातील गाळा

हिंजवडीजवळच्या जांबे गावासारख्या ठिकाणी व्यापारी संकुलाचा गाळा उभा राहण्यापूर्वीच त्याचे संगणकावर रंगविलेले चित्र विकता येते. चित्रातील रुंद रस्ता सार्वजनिक पैशातून व्हावयाचा असतो. त्याची किंमत मात्र गाळ्याच्या दरात आधीच वसूल होते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘केवळ संकल्पचित्र’ असे छापले की जबाबदारी संपली, हा समज खरा नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे १२ वे कलम खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास नुकसानभरपाईचा हक्क देते. दुकाने आणि कार्यालयेही त्यात येतात. तेव्हा कार्यकर्त्यांनी छोट्या दुकानदारांना बजावावे : जाहिरात जपा, चित्र मंजूर नकाशाशी ताडा आणि चित्रातील आश्वासन करारात उतरवून घ्या.